वरचं मालकाचं, खालचं माझं

आमच्या फाटकाच्या खांबांवर दोन सिंह बसलेले आहेत आणि दोघांचाही डावा कान उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं मोठा आहे. पहिल्यांदा येणाऱ्याच्या हे लगेच लक्षात येत नाही. तो आधी म्हणतो, "वा, सिंह छान आहेत हो," मग जरा थांबतो, मान तिरकी करतो आणि पाणीटंचाईवर बोलायला लागतो. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, निम्म्या गिरीज गावाकडून पाढे पाठ करून घेतले. पण नाक्यावरच्या रिक्षावाल्याला माझं नाव सांगून उपयोग नाही. "मोठ्या कानाचे सिंह" म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो.

हे सिंह दामूभाऊंनी केले. दामूभाऊ शेजारच्या गास गावचे. लोक त्यांना दामू मिस्त्री म्हणतात, पण नुसतं गवंडी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "भिंत कोनीपन उचलतो. मी दार करतो," असं ते सांगतात. दाराच्या फळ्या सुताराच्या. दामूभाऊंचं दार म्हणजे फळ्यांच्या आजूबाजूचं सगळं. खांबांवर बसलेलं, कमानीवर उडणारं, कोपऱ्यात फुललेलं, आणि तेही सिमेंटमध्ये, साच्याशिवाय, हाताने. आगाशीच्या बाजारापासून वसई गावापर्यंत कुठल्याही बंगल्यावर हत्ती, मोर किंवा परी दिसली आणि तिच्याकडे बघून काहीतरी किंचित चुकल्यासारखं वाटलं, तर ते काम दामूभाऊंचं समजावं.

त्यांचं एक तत्त्व आहे. "दार वाचता आलं पायजे." म्हणजे आत कोण राहतं ते बाहेरच्या माणसाला दारावरूनच कळलं पाहिजे. नावाची पाटी त्यांना मंजूर नाही. एका दातांच्या डॉक्टरच्या दारावर त्यांनी दोन हत्ती बसवले, सोंडा आखूड आणि सुळे हे एवढे, पांढरेशुभ्र. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, "येनाऱ्याला वाटलं पायजे का हा दात काढत नाय, राखतो." दोन भाऊ एकाच बंगल्यात वर-खाली राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. त्यांच्या कमानीवर दामूभाऊंनी दोन मोर केले, एकमेकांकडे पाठ करून. पुढे भावांचं गोड झालं. दोघं मिळून दामूभाऊंकडे गेले, मोरांची तोंडं फिरवून द्या म्हणून. दामूभाऊ म्हणाले, "सिमेंट सुकलं. तुमी लवकर बोलायला पायजे होतं." मोर आजही तसेच आहेत आणि भाऊ त्यांच्याखाली खुर्च्या टाकून एकच पेपर वाटून वाचतात.

कोणाकडे गेले तरी दामूभाऊ आधी दाराला भेटतात. माझे सासरे गेले तेव्हा ते आले होते. घरात माणसं रडत होती आणि हे पाच मिनिटं बाहेर सिंहाच्या शेपटीवरची चीर बोटाने चाचपत उभे. मग आत आले, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वरवरची हाय. भरून निघंल." नवऱ्याला फार बरं वाटलं. ते शेपटीबद्दल बोलत होते हे फक्त मला माहीत होतं.

दामूभाऊ खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातले. त्यांच्या घराण्यात कोणी थापी हातात धरली नव्हती. ही कला ते शिकले आंतोनकाका नावाच्या एका ख्रिस्ती कारागिराकडे. आंतोनकाका चर्चच्या भिंतींवर देवदूत आणि द्राक्षांच्या वेली करायचे. त्यामुळे दामूभाऊंच्या लक्ष्मीचे गाल देवदूतासारखे फुगलेले असतात आणि त्यांचा देवदूत कुंकू लावायचं राहून गेल्यासारखा दिसतो. दोन्हीकडची माणसं खूश आहेत.

आठ वर्षांपूर्वी आमचे सिंह झाले, तेव्हा मला त्यांची खरी विचित्र सवय कळली. दोन पिंपांवर फळी टाकून ते वर उभे राहायचे, तासभर काम करायचे आणि मग खाली न बघताच मोठ्याने विचारायचे, "कसं हाय?" खाली कोणी नसायचं. ते जरा थांबायचे, स्वतःच "बरं हाय" म्हणायचे आणि पुन्हा थापी चालू. पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच विचारतायत. मी अंगणातून सांगितलं, "दामूभाऊ, डावा कान जरा मोठा वाटतोय."

त्यांनी वळून बघितलं. "बाई, तुमाला नाय विचारलं."

"मग कोणाला विचारलंत?"

ते पुन्हा सिंहाकडे वळले. कान राहिला तो राहिलाच. दुसऱ्या सिंहाच्या वेळी मी तोंड मिटून बसले, तर त्याचाही डावाच कान वाढला.

काम संपल्यावर एक दिवस मी रांगोळी काढायला वाकले तर पायरीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सिमेंटची एक गोगलगाय दिसली. अंगठ्याएवढी, पण पाठीवरचा वेढा न् वेढा कोरलेला. ही काही मी सांगितली नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं की दामूभाऊंच्या प्रत्येक दाराच्या पायथ्याशी असं काहीतरी असतं. डॉक्टरकडे उंदीर आहे, मोरवाल्या भावांकडे बेडूक. का म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "वरचं मालकाचं, खालचं माझं." चित्रकार कोपऱ्यात सही करतो तसं असेल, असं आम्ही समजलो आणि सोडून दिलं.

मग राजवाड्याचं काम निघालं.

बाळा माझा विद्यार्थी. आता त्याला सगळे बाळाशेठ म्हणतात. आगाशीजवळ स्वतःच्या केळीच्या वाडीत त्याने मोठा बंगला बांधायला घेतला. त्याचा मुलगा युरोपच्या सहलीला गेला होता, तो तिथल्या कुठल्याशा जुन्या राजवाड्याच्या दाराचा फोटो घेऊन आला. बाळाने फोटो बघितला आणि ठरवलं, आपलं दार असंच. गावाने स्लॅब पडायच्या आधीच बंगल्याला राजवाडा म्हणायला सुरुवात केली.

दामूभाऊ तो फोटो मोठा छापून माझ्याकडे घेऊन आले. ओटीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. हे दार मना वाचता येत नाय." मी त्यांना इतकं हिरमुसलेलं कधी बघितलं नव्हतं.

फोटोत दाराच्या दोन बाजूंना दोन धिप्पाड उघडे पुरुष होते, खांद्यांवर अख्खा सज्जा पेलून वाकलेले. सज्ज्यावर ढाल, ढालीवर मुकुट, मुकुटाच्या दोन अंगांना सिंह. कमानीत एक बाई बसली होती, तिच्या हातातल्या शिंगातून फळं सांडत होती. उरलेल्या जागेत पंखवाली गुटगुटीत पोरं कोंबली होती. मी मोबाइलवर शोधाशोध करून एकेक सांगायला लागले. शिंग म्हणजे सुबत्ता. ढाल-मुकुट म्हणजे घराणं. सिंह म्हणजे पराक्रम. दामूभाऊ मान डोलवत होते. सुबत्तेच्या शिंगात द्राक्षं होती, ती त्यांनी जागच्या जागी रद्द केली. "आगाशीत द्राक्सं कोन लावतो? केळीचा घड टाकतो, दोन शहाळी, आनि सुकेळ्यांची एक जुडी."

"आणि हे दोन पुरुष?" मी वाचून सांगितलं, "लढाईत हरलेले शत्रू समजायचे. राजाचं सामर्थ्य दाखवायला त्यांच्या खांद्यावर घर ठेवायचं."

दामूभाऊंनी त्या दोघांवर बोट ठेवलं. "म्हंजे हरलेल्या मानसाला जन्मभर भार द्यायचा, आनि आपन त्याच्या काखेखालनं रोज आत जेवायला जायाचं?"

"तशी पद्धत होती."

"आसंल." त्यांनी फोटोची गुंडाळी केली. "पन मी त्यांच्या डोक्यावर चुंबळ देनार. चुंबळ नसली का मान जाते, बाई."

मला हसू आवरेना. युरोपातला राजवाडा आणि त्याखाली डोक्यावर चुंबळ घेतलेले दोन पैलवान. पण दामूभाऊ हसले नाहीत, आणि त्यांनी खरोखरच चुंबळी केल्या. फडक्याच्या वळकटीचा पीळ, आत खोचलेलं टोक, सगळं. बाळाची म्हातारी आई जन्मभर डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन आगाशीच्या बाजारात गेलेली. तिने ते दोन पुरुष बघितले आणि म्हणाली, "कवापासून उभे हायेत रे? पानी तरी विचारा त्यांना." त्यामुळे चुंबळींना नको म्हणायची बाळाची हिंमत झाली नाही.

गाडं अडलं ते खाली. खांबांच्या पायथ्याला दोन फूट ग्रॅनाइट लागणार होतं, काळं, आरशासारखं. दामूभाऊंनी वीतभर जागा सोडायला सांगितली. बाळाचा मुलगा म्हणाला, मध्येच भोक कशाला, फोटोत तसं काही नाही. दामूभाऊ परांचीवरून उतरले, थापी धुतली, फडक्यात बांधली आणि गासला निघून गेले. सिंहांची आयाळ झाली होती, तोंडं व्हायची होती. वास्तुशांत पंधरा दिवसांवर आली होती.

बाळा माझ्याकडे आला. "बाई, बिनतोंडाचे सिंह ठेवून मी पाहुणे कसे बोलावू? दुसरा कोणी त्यांच्या कामाला हात लावायला तयार नाही. वीतभर जागेसाठी माणूस एवढं मोठं काम सोडतो का? तुमचं ऐकतात ते. समजावा ना."

मलाही दामूभाऊंचा रागच आला होता. या वयात एवढा हट्ट शोभत नाही, असं सुनवायचं ठरवूनच मी गासला गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी जायची ही माझी पहिलीच वेळ.

घर बैठं, साधं. दारावर काहीसुद्धा नव्हतं. कमळ नाही, पान नाही, साधी नक्षी नाही. मला गंमत वाटली. मग चपला काढायला खाली वाकले आणि तशीच राहिले. जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत घराची पुढची सगळी भिंत भरलेली होती. खेकडे, खाडीच्या चिखलातल्या निवट्या, भाताच्या लोंब्या, पिलांमागे धावणारी कोंबडी, शेपटी चाटणारी मांजर, केळफूल, होडी, बाजूला तोंड करून बसलेला बगळा. गुडघ्याच्या वर कोरी भिंत.

आत गेले तर तिथेही तेच. कॅलेंडर गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगलेलं. लग्नाचा फोटो त्याच्या शेजारी, तितकाच खाली. देव जमिनीला टेकलेले. टीव्ही पाटावर. मी मनात म्हटलं, दामूभाऊंचं डोकं आता पुरतंच फिरलंय.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन हाय? पाय नवे दिसतात."

यमुनावहिनी बाहेर आल्या. दामूभाऊंच्या बायकोचं नाव मला ठाऊक होतं, बघितलं कधी नव्हतं. त्यांची मान छातीवर वाकलेली होती, पूर्ण. हनुवटी जवळजवळ गळ्याला टेकलेली. माझ्याशी बोलताना त्या माझ्या पायांशी बोलत होत्या. मी पटकन खाली जमिनीवर बसले, तेव्हा आमची नजरानजर झाली. डोळे फार छान होते त्यांचे, हसरे.

"शाळेच्या बाई ना? मोठ्या कानाच्या सिंव्हवाल्या?"

मी म्हटलं, "त्याच. पण तुम्हाला कानाचं कोणी सांगितलं?"

"गाव हसतो, मना नाय कळनार?" त्या स्वतःही हसल्या. दामूभाऊ दूध आणायला गेले होते. त्या सांगत गेल्या. "पयला आमी दोघं जायचो कामाला. हे वर, मी खाली. माल कालवायचा, घमेली भरायची, डोक्यावरनं वर द्यायची. आनि लांब जाऊन वर बगायचं. वर उभ्या मानसाला जवळनं काय कळतं? हे विचारायचे, कसं हाय? मी सांगायची, डावा कान मोठा झाला. दर टायमाला डावाच. यांचा हात तिकडं जड पडतो. मग हे तासायचे. तीस वर्सं तेच काम."

"आणि मग?"

"मग मान गेली. डॉक्टर बोल्ले, हाडं झिजली, आता वर नाय व्हनार. बारा वर्सं झाली." त्यांनी पदर सारखा केला. "पयला पयला हे मना कामावर न्यायचे तसेच, सवयीनं. वरनं विचारायचे, कसं हाय? मी खाली मातीत बगत उभी. काय सांगनार? एक दिवस मीच बोल्ले, आता घरीच बसते. त्या दिवसापासून हे खाली कायतरी करतात माझ्यासाठी. दार झालं का रिक्षातनं नेतात. मी तेवढं बगते आनि बोलते, चांगलं हाय. तुमची गोगलगाय बगितली मी. तुमी शाळेत गेलेल्या तवा."

मला आमच्या अंगणात "कसं हाय" विचारून थांबलेले दामूभाऊ आठवले. मी मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं होतं. मी उगाच त्या खाली टांगलेल्या कॅलेंडरकडे बघत बसले.

दामूभाऊ दुधाची पिशवी घेऊन दारात आले. मला खाली बसलेली बघून ते चपलेसकट उंबऱ्यातच थांबले. "बाई, तुमी? आज?"

"दार बघायला आले होते."

"वाचलं?"

"वाचलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि दूध आत नेऊन ठेवलं. समजवायला आले होते त्यातलं एक अक्षर मी बोलले नाही. चहा घेतला, तशीच आगाशीला गेले आणि बाळाला म्हटलं, "उजव्या खांबाखाली ग्रॅनाइटमध्ये जागा सोडायला सांग. वीतभर."

"पण बाई, का?"

"मी सांगते म्हणून."

बाळा पन्नाशीचा आहे, दोन गाड्या बाळगून आहे. तो म्हणाला, "बरं बाई."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेले. मांडववाले जेवायला गेले होते. दार पुरं झालं होतं आणि खोटं कशाला बोला, भव्य दिसत होतं. चुंबळवाले दोघे सज्जा पेलून होते, शिंगातून केळी सांडत होती, पंखवाली पोरं आंतोनकाकांच्या गालांनी हसत होती. मुकुटाच्या दोन बाजूंचे सिंह तर दामूभाऊंनी आजवर केलेल्यात सगळ्यांत मोठे. डावे कानही त्याच मानाने.

रिक्षा आली. दामूभाऊंनी यमुनावहिनींना हात धरून उतरवलं, पायरीपर्यंत आणलं, खाली पंचा पसरून बसवलं. मी केळीच्या आड सरकले, पण दामूभाऊंनी मला बघितलं होतं आणि काही हरकत घेतली नाही.

ग्रॅनाइटच्या मधल्या त्या वीतभर चौकोनात सिंहाचा एक छावा बसला होता. मुठीएवढा.

"वर काय हाय?" वहिनींनी विचारलं.

ओटीवर बसून त्या फोटोतल्या एकेका आकृतीचा अर्थ माझ्याकडून वदवून घेतलेला माणूस. शिंगातली द्राक्षं काढून केळीचा घड भरलेला माणूस. ते म्हणाले, "काय नाय. शेठ लोकांचं असतं तेच. बगन्यासारखं इथंच हाय."

वहिनींनी छाव्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. मानेवरून, नाकावरून, कपाळावरून. "चांगलं हाय" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांचं बोट कानावर थांबलं. मग दुसऱ्या कानावर गेलं, पुन्हा पहिल्यावर आलं.

"ओ," त्या म्हणाल्या, "डावा कान मोठा झालाय."

दामूभाऊ खाली वाकले. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"तांदळाएवढा."

त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून बारीक छिन्नी काढली. दार संपलं होतं, हत्यारं घरी गेली होती, तरी ती छिन्नी खिशात होती. तो कान सवयीने मोठा झाला होता की मुद्दाम ठेवला होता, हे मला अजून कळलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि कान तासायला लागले. थोडं तासलं की थांबायचे. "कसं हाय?"

"अजून."

पुन्हा थोडं. "आता?"

"आता बरोबर झाला."

दामूभाऊंनी फुंकर मारून भुकटी उडवली, हाताने छावा पुसला. मग एकदा मान उचलून वरच्या त्या दोन मोठ्या सिंहांकडे बघितलं आणि लगेच खाली घातली.

"अजून कुटं कायतरी आसंल, बग नीट," ते तिला म्हणाले. "घाई नाय. रिक्षा थांबवलीय."